सहावीतला मुलगा म्हणतो "शाळेत येऊ नकोस", शाळा म्हणते "व्हॉलंटियर हवेत" (डॅलस, टेक्सास)

कढीपत्ता_परदेशी

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय सांभाळून घ्या. एप्रिलमध्ये पुण्याहून डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात आलो. नवरा एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, आणि मुलगा तिकडे पाचवी संपवून आलाय. इथे ऑगस्टच्या मध्यावर सहावीत म्हणजे डायरेक्ट मिडल स्कूलमध्ये जाणार. पुण्यात आपली तयारी ठरलेली, जूनच्या आधी पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, नावाची लेबलं चिकटवायची, पावसाळी सँडल आणि रेनकोट आणायचा, झालं. इथे शाळेकडून दिवसाआड एक ईमेल येतंय आणि प्रत्येकात पाच लिंका. शेड्यूल पिकअप (शाळेत जाऊन वेळापत्रक घेऊन यायचा दिवस), पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ, बँड की ऑर्केस्ट्रा की क्वायर ते निवडा, पीईचे म्हणजे पीटीच्या तासाचे कपडे, लसीकरणाचे कागद, आणि शेवटी ठळक अक्षरात "वी नीड व्हॉलंटियर्स".

मला खरंच जायचंय. तिकडे दहा वर्षं नोकरी केली, इथे घरात बसून भिंती बघतेय, कुणाशी ओळख नाही. पण एच-४ वर असं काम चालतं का? फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबरचा (इथला सरकारी ओळख क्रमांक) रकाना आहे आणि माझ्याकडे तो नाहीच. नवरा म्हणतो उगाच व्हिसाची भानगड नको. आणि मुलाला नुसतं विचारलं तर तो म्हणाला, "आई प्लीज, तू शाळेत नको येऊस, कुणाचीच आई येत नाही." पुण्यात गॅदरिंगला मी मेकअपला जायचे तेव्हा मित्रांना ओढत आणून दाखवायचा, ही माझी आई म्हणून! दोन महिन्यांत काय झालं याला?

तर जाऊ की नको, आणि तयारीत काय राहतंय माझं, ते अनुभवी लोकांनी सांगा.

मुगाची_उसळ

अगं जा, बिनधास्त जा. मी तीन वर्षं एच-४ वरच केलंय. मोबदला नाही, पगार नाही, शाळेत आईबापांनी फुकट करायचं जे काम असतं तेवढंच करायचं, मग ती नोकरी होत नाही. लोक गोंधळ कुठे करतात सांगते. तुझं काम बघून ऑफिसातली बाई म्हणेल, तू सब्स्टिट्यूट टीचर का होत नाहीस, किंवा जेवणाच्या सुट्टीत मॉनिटर हवीये, तासाचे पैसे मिळतात. तिथे थांबायचं. ती नोकरी, तिला वर्क परमिट लागतं, आणि एच-४ वाल्यांना ते २०१५ पासून मिळतं खरं पण सगळ्यांना नाही, साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असला तरच. नवऱ्याला फारच धाकधूक असेल तर कंपनीच्या वकिलाला एक ईमेल टाकायला सांग, त्यालाही बरं वाटेल.

सोशल सिक्युरिटीचा रकाना मी कोरा सोडला होता. ऑफिसात जाऊन विचारलं, तर त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सवर काम भागवलं. लायसन्स नसेल तर पासपोर्ट चालतो का ते विचार, प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं. पण फॉर्म आजच भर गं. बॅकग्राउंड चेक दरवर्षी नव्याने होतो आणि ऑगस्टमध्ये सगळेच एकदम भरतात, मग शेड्यूल पिकअप उलटून गेल्यावर मंजुरीचं ईमेल येतं. माझं पहिल्या वर्षी तेच झालं.

मुलाचं मनावर घेऊ नकोस. प्रायमरीत वर्गाच्या पार्टीला पंधरा आया आणि चार मुलं असा प्रकार असतो, आणि मिडल स्कूल आलं की आया गायब. मुलं नको म्हणतात म्हणून आया जात नाहीत, आणि आया जात नाहीत म्हणून मुलं म्हणतात कुणाचीच येत नाही! कामं तर तेवढीच राहतात. मी लायब्ररी धरली, दर मंगळवारी दोन तास पुस्तकं जागेवर लावायची. लेकीने अख्ख्या वर्षात मला दोनदा पाहिलं, त्यातल्या एकदा ओळख दाखवली.

जुनाजाणता_बाबा

वर बरोबर लिहिलंय. मी कागदपत्रांचं सांगतो कारण आमचं तिथेच अडलं होतं.

लसींचं कार्ड आत्ता काढून बघा. टेक्सासमध्ये हेपटायटिस ए चे दोन डोस लागतात आणि भारतातून आलेल्या बऱ्याच मुलांचे ते झालेले नसतात, कारण तिकडे सरकारी वेळापत्रकात ती लस नाही, खाजगी डॉक्टरने सुचवली तरच देतात. कांजिण्यांचेही दोन डोस बघा. दुसरं म्हणजे तारखा. आपल्या कार्डावर ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट, इथली नर्स वाचते आठ मे. आमच्या पोराला त्या हिशोबाने एक डोस वाढदिवसाच्या आधीच दिलाय असं निघालं आणि तो धरलाच नाही त्यांनी. फोनवर वाद घालून काही झालं नाही, मग एका कागदावर महिन्यांची नावं अक्षरात लिहून नेली तेव्हा पाच मिनिटांत काम झालं. तुम्ही आधीच तसं करा. सातवीत जाताना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस लागते, अकरावा वाढदिवस झाला की डॉक्टर ती देतातच, त्यामुळे पुढच्या वर्षीची कटकट आत्ताच मिटवून टाका.

दुसरा मुद्दा गणित. टेक्सासने २०२३ मध्ये कायदा केलाय की पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेल्या मुलांना सहावीत आपोआप ॲडव्हान्स्ड गणितात घालायचं, आईबाप लेखी नको म्हणाले तरच नाही. पण तुमच्या मुलाने इथली स्टार म्हणजे राज्याची वार्षिक परीक्षा दिलेलीच नाही, म्हणजे त्या यादीत त्याचं नाव येणार कुठून? तो साध्या गणितात पडेल आणि दुसऱ्या आठवड्यात घरी येऊन सांगेल की हे सगळं मला चौथीत शिकवलंय. शाळा सुरू व्हायच्या आत काउन्सेलरची वेळ घ्या, पुण्याची मार्कशीट न्या, प्लेसमेंट टेस्ट मागा. भांडायचं नाही, फक्त मागायचं. सहावीचा ट्रॅक लागला की आठवीत अल्जिब्रा मिळणार की नाही ते बऱ्यापैकी तिथेच ठरतं.

आणि फोन. २०२५ पासून टेक्सासच्या सरकारी शाळांत शाळा सुरू असताना फोन बंद, स्मार्टवॉचसुद्धा. डबा विसरला, पोट दुखतंय, काहीही असो, ऑफिसमधूनच निरोप. तेव्हा मुलाला तुमचा नंबर तोंडपाठ करायला लावा. हसू नका, आमच्या घरात कुणालाच कुणाचा पाठ नव्हता.

स्पष्टवक्ती_७७

मी जरा उलटं बोलते. पीटीए पीटीए म्हणून फार हरखून जाऊ नका. पुण्यात निदान २०११ च्या फी कायद्यामुळे पालक-शिक्षक संघाला काही वजन तरी आहे, कार्यकारी समितीत सोडतीने नावं निघतात आणि फीवाढ त्यांच्यासमोर ठेवावी लागते. आमच्या सोसायटीतल्या एकांची चिठ्ठी निघाली होती, वर्षभर शाळेशी भांडून बीपी वाढवून घेतलं त्यांनी. इथे सरकारी शाळेला फीच नाही त्यामुळे तो विषयच नाही, पण पीटीए म्हणजे मुख्यतः पैसे गोळा करणं. टीशर्ट विका, कुकीचं पीठ विका, अमुक रेस्टॉरंटमध्ये बुधवारी जेवा म्हणजे शाळेला दहा टक्के मिळतील. शिवाय बँडसाठी पैसे जमवणारा पालकांचा बूस्टर क्लब वेगळा, त्याचं वर्गणीपुस्तक वेगळं. आणि कमिटीत वर्षानुवर्षं त्याच चार जणी, आपापसात बोलतात, नवीन बाईला नॅपकिन मोजायला बसवतात. मी दोन वर्षं नॅपकिन मोजले आणि सोडलं.

मुगाची_उसळ

@स्पष्टवक्ती हो गं, त्या चार जणी आमच्याकडेही आहेत. पण सभासद होणं आणि व्हॉलंटियर होणं वेगळं ना. दहा-बारा डॉलरची मेंबरशिप नाही घेतली तरी लायब्ररीत, पुस्तक प्रदर्शनात, फोटोच्या दिवशी, डोळे-कान तपासणीच्या दिवशी माणसं लागतातच. कमिटीच्या वाटेला जायचंच नाही, थेट लायब्रेरियनला किंवा ऑफिसातल्या बाईंना ईमेल करायचं. शाळा चालवते ती ऑफिसातली बाई हे तिकडेही खरं आणि इकडेही.

आणि नॅपकिनचं म्हणशील तर मंडळाच्या गणपतीत आपण काय करतो? पाचशे लोकांचं पान वाढायला उभ्या राहतो, खुर्च्या उचलतो, शेवटी कचऱ्याच्या पिशव्या बांधतो, आणि कमिटीतल्या चार जणी तिथेही असतातच. तिथे नाही वाटत काही, मग इथे का वाटावं?

मे महिन्यात टीचर अप्रिसिएशनचा आठवडा असतो, तेव्हा शिक्षकांना जेवण द्यायचं असतं. मी बटाटेवडे नेले होते, तिखट कमी घालून. गणिताचे सर चौथा वडा घ्यायला आले तेव्हा त्यांनी मला माझ्या लेकीबद्दल जे सांगितलं ना, ते कुठल्याच पालकसभेत सांगितलं नसतं. दहा मिनिटांच्या पालकसभेत फक्त मार्क कळतात.

लॉकरवाला_लेले

कुणीच कुलपाचं कसं नाही लिहिलं? अहो भारतातून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात रडवतं ते गणित नाही, आकड्यांचं कुलूप. वर्गाच्या बाहेरचे लॉकर हल्ली बऱ्याच शाळांत वापरतच नाहीत, पण पीईचा लॉकर असतो आणि तिथे कपडे बदलून, कुलूप लावून बाहेर यायला मोजून काही मिनिटं. आपल्याकडे किल्ली फिरवली की संपलं, त्यांना हा प्रकार माहीतच नसतो. पाच-सात डॉलरचं कुलूप आणा आणि घरी बसवा त्याला. उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेऱ्या मारून पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर, मग परत उजवीकडे सरळ तिसऱ्यावर, आणि खाली ओढायचं. पन्नास वेळा करू दे. मग दिवा बंद करून मोबाईलच्या उजेडात करू दे, लॉकर रूममध्ये गर्दीत साधारण तसंच वाटतं. आणि डिओडरंट द्या दप्तरात. सहावीच्या पीईनंतरचा वास मी एकदा व्हॉलंटियर म्हणून घेतलाय, परत नको.

वह्या-पेनं एकदम आणू नका. यादीत लिहिलेलं अर्धं शिक्षक पहिल्या आठवड्यात बदलतात, एकाला बाइंडर हवा असतो, दुसरीला कंपोझिशन नोटबुकच हवी असते, वाइड रूल्ड की कॉलेज रूल्ड यावरून दुकानात नवराबायकोत भांडण होतं ते वेगळंच. बूट, दप्तर, कपडे मात्र ऑगस्टच्या सुरुवातीच्या टॅक्स हॉलिडेला घ्या, शुक्रवार ते रविवार असतो, शंभर डॉलरच्या आतल्या वस्तूवर सेल्स टॅक्स नाही, म्हणजे शंभराला आठ डॉलर वाचतात. कॉम्प्युटर त्यात येत नाही. आणि शनिवारी दुपारी जाऊ नका, तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या दिवशी गेल्यासारखं होतं.

कढीपत्ता_परदेशी

सगळ्यांना थँक्यू. कार्ड काढलं, हेपटायटिस ए चा एकही डोस नाहीये आणि तारखांची खरंच बोंब होती. पहिला डोस देऊन आणलाय, दुसरा सहा महिन्यांनी, नर्स म्हणाली तोवर चालेल. काउन्सेलरची वेळ मिळाली. फॉर्म भरला, नवऱ्याने वकिलाला विचारलं, त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं की बिनपगारी असेल तर हरकत नाही. मुलाशी पण बोलले. आधी तोंड पाडून बसला, मग त्याने अटी घातल्या. कॅफेटेरियात यायचं नाही, "बाळा" म्हणून हाक मारायची नाही, आणि मित्रांसमोर डब्यात काय आहे ते विचारायचं नाही. लायब्ररी चालेल म्हणाला, "मी तसाही तिकडे जात नाही." यावर काय बोलायचं सांगा.

स्पष्टवक्ती_७७

या तिसऱ्या अटीवर माझाही पाठिंबा आहे.

कढीपत्ता_परदेशी

शेवटचा अपडेट. मंजुरी वेळेत आली आणि परवा शेड्यूल पिकअपला मला बसवलं आडनावांच्या टेबलावर, पी ते आर. आमचं आडनाव तिथलंच, मी मुद्दाम मागितलं नव्हतं, शपथ. तीन तास पाकिटं दिली, दोन तेलुगू आया, एक मेक्सिकोहून आलेली आजी आणि चिंचवडची एक मुलगी भेटली. ती आमच्यापासून दोन सिग्नलवर राहते आणि तिचाही सहावीत आहे!! आणि माझा आला रांगेतून बाबासोबत. मी ठरवल्याप्रमाणे अनोळखी चेहरा करून विचारलं, "लास्ट नेम प्लीज?" त्याने शांतपणे स्पेलिंगसकट आडनाव सांगितलं, पाकीट घेतलं, "थँक यू मॅम" म्हणाला आणि गेला. बाबा मागे हसून हसून लाल. घरी आल्यावर मला म्हणतो, "तू बाकीच्यांना स्माईल देत होतीस, मला नाही दिलंस."

@लॉकरवाला कुलूप आणलंय, दोन दिवस चाललंय, पण त्याचा तिसरा आकडा दरवेळी पुढे निघून जातो आणि मग सगळं पहिल्यापासून. काही युक्ती आहे का? सोमवारपासून शाळा आहे.

लॉकरवाला_लेले

दोन आकडे आधीपासून वेग कमी करायला सांगा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने कुलूप हलकं खाली ओढून धरू दे, आकडा आला की ते आपोआप सुटतं. नाहीच जमलं तर पीईच्या सरांकडे शाळेने दिलेल्या कुलपांची मास्टर किल्ली असते, पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग तिथेच रांगेत असतो.