परक्या देशाचे सैन्य दहशतवादी ठरले, तर केळी निर्यातीला त्याची झळ का बसावी?

केळीबाग, रावेर
अमेरिकेने एप्रिल २०१९ मध्ये इराणच्या इस्लामिक क्रांतिरक्षक दलाला परकीय दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले. दुसऱ्या देशाच्या अधिकृत सैन्याचा भाग या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. आपल्याकडची केळी इराणला जाते, म्हणून विचारतो : निर्बंध तर आधीपासूनच होते, मग या यादीने वेगळे काय झाले?

तापीकाठ, भुसावळ
भाऊ, प्रश्न रास्त आहे. या दलाची परदेशातील कारवाया पाहणारी कुद्स शाखा २००७ पासून आणि संपूर्ण दल २०१७ पासून अमेरिकेच्या दहशतवादविरोधी निर्बंधांखाली होतेच. २०१९ च्या निर्णयाने त्यावर फौजदारी कायद्याची भर पडली. अशा संघटनेला जाणूनबुजून साहाय्य करणाऱ्यास २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि व्यवहार अमेरिकेबाहेर झाला असला तरी काही परिस्थितींत तेथील न्यायालये अधिकार सांगतात. 'साहाय्य' या संज्ञेतून औषधे आणि धार्मिक साहित्य वगळलेले आहे. अन्नपदार्थ मात्र नाहीत. अर्थात रावेरच्या बागाईतदारावर कोणी खटला भरणार नाही. घाबरते ती बँक. हे दल बांधकामापासून दूरसंचारापर्यंत अनेक व्यवसायांत शिरलेले असल्यामुळे, समोरच्या आयातदाराचा त्याच्याशी संबंध नाही याची खात्री करत बसण्यापेक्षा व्यवहारच नाकारणे तिला सोयीचे वाटते.

अभ्यासिका, धुळे
वरील उत्तरात एक बाजू राहिली. इराणमध्ये तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे आणि त्यांतील अनेकांची नेमणूक याच दलात होते. पुढे त्यांनी अमेरिकेचा व्हिसा मागितला, की ती जुनी नेमणूक आडवी येते. सेनापतींना जरब बसावी म्हणून काढलेल्या आदेशाचा फटका शिपायाला बसावा, हे मला मुळीच पटत नाही. शिवाय इराणने लगोलग अमेरिकेच्या मध्यवर्ती कमांडला (पश्चिम आशियातील अमेरिकी सैन्याची धुरा सांभाळणाऱ्या विभागाला) दहशतवादी घोषित करून परतफेड केली. कॅनडाने जून २०२४ मध्ये अमेरिकेचाच मार्ग धरला. भारतात अशी यादी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असते. इराणमधील चाबहार बंदरासाठी मे २०२४ मध्ये १० वर्षांचा करार करणारे आपले सरकार या वाटेने जाईल, असे वाटत नाही.

केळीबाग, रावेर
आभारी आहे. मग माल देताना आम्ही काय पाहावे?

तापीकाठ, भुसावळ
आयातदार, जहाज कंपनी आणि पैसे पाठवणारी बँक यांची नावे अमेरिकी वित्त विभागाच्या निर्बंध यादीशी ताडून पाहिली आहेत का, हे निर्यातदाराला सौदा ठरण्यापूर्वीच विचारावे. ती यादी सर्वांना खुली आहे.