युद्धकाळातल्या मीटरच्या जाहिराती जमवायच्या आहेत, सल्ला हवा

काटेवाला:
जुने काट्याचे मल्टिमीटर (विजेचा दाब, प्रवाह, रोध मोजायची उपकरणं) माझ्याकडे बरेच आहेत. आता वेस्टन, ट्रिप्लेट, सिम्पसन, ॲव्हो या मीटर बनवणाऱ्यांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या मासिकांमधल्या जाहिराती जमवायच्या आहेत. ऑनलाइन सुटी पानं मिळतात, पण बहुतेकांवर तारीख नसते. साल कसं ओळखायचं?

जुनाकागद:
अमेरिकन पान असेल तर आधी 'ई' लिहिलेला छोटा झेंडा शोधा. युद्धसामग्रीचं उत्तम उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना आर्मी-नेव्ही 'ई' हा सन्मान १९४२ पासून मिळू लागला आणि कंपन्या तो जाहिरातीत अभिमानाने छापत. झेंड्यावरचा प्रत्येक तारा म्हणजे तो दर्जा आणखी सहा महिने टिकवल्याची खूण. दोन तारे दिसले की पान १९४३ च्या आधीचं नाही, हे नक्की.
तरी माझं मत विचाराल तर सुटं पान घेऊच नका, अख्खा अंक घ्या. 'क्यूएसटी' या हौशी रेडिओवाल्यांच्या अमेरिकन मासिकाचा युद्धकाळातला अंक चाळून बघा. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांचं प्रक्षेपण बंद झालं, मीटर सैन्याकडे जात होते, तरी जाहिराती चालूच. दुकानात माल नसताना नाव लोकांच्या लक्षात ठेवायची ही धडपड शेजारची पानं वाचल्याशिवाय कळत नाही.

मेगरप्रेमी:
ब्रिटिश बाजू सोडू नका. ॲव्होच्या तेव्हाच्या काही जाहिरातींत सरकारी कंत्राटाचा क्रमांक आणि अग्रक्रम असलेल्याच ऑर्डरी घेऊ, असं स्पष्ट छापलंय. गिऱ्हाइकाला थांबवणारी जाहिरात! माझ्या मते संग्रहात पहिली तीच हवी. 'वायरलेस वर्ल्ड'चे अंक शोधा.

काटेवाला:
काही सुटी पानं आधीच घेतली आहेत. त्यांचं काय करू?

जुनाकागद:
वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर या मासिकांचे स्कॅन फुकट आहेत. पानाची मागची बाजूही जुळवून बघा, अंक सापडायची शक्यता चांगली आहे. सापडला की मासिक, महिना, साल पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, पानावर नको.

मेगरप्रेमी:
आणि लॅमिनेशन, सेलोटेप अजिबात नको. पीव्हीसीचे पाऊचही टाळा, पॉलिएस्टरचे घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा ठेवा. लाकडाच्या लगद्याचा कागद आधीच पिवळा पडत असतो, त्यात आपल्याकडचा पावसाळा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका.