फक्त कोई मासेच मरतायत, व्हायरस आहे का हे लॅबमध्ये कळतं का?

गच्चीवरची_टाकी:
मुलुंडला गच्चीवर टाकीत कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) आणि गोल्डफिश एकत्र आहेत, नवीन कोई आणून सोडले आणि आठवड्याभरात सगळे कोई तळाशी आडवे, खाणं बंद, जाळीने हलवलं की जरा पोहतात आणि परत आडवे. काही गेले पण. गोल्डफिश मात्र मस्त खातायत. दुकानदार म्हणतो अँटीबायोटिक टाका. मेलेले फ्रीझरमध्ये ठेवलेत, शेजारी मटार आहेत म्हणून आई भडकलीये. टेस्ट होते का याची?

कल्लेबहाद्दर:
आधी पाण्यातला अमोनिया बघा, पण तो वाढला असता तर गोल्डफिशपण लोळले असते. मला तर सीईव्ही वाटतोय, कार्प एडिमा व्हायरस, आडवे पडतात म्हणून त्याला कोई स्लीपी डिसीज म्हणतात, दक्षिण भारतात कोईमध्ये सापडलाय. पण कल्ले सीईव्हीत सडतात तसेच कोई हर्पिसव्हायरस या दुसऱ्या व्हायरसमध्येही सडतात, नुसतं बघून छातीठोक कोणी सांगू नये. दोन्हीची पीसीआर, म्हणजे व्हायरसचा डीएनए शोधणारी टेस्ट, वेगवेगळी लागते. अँटीबायोटिकचा व्हायरसवर काडीचा उपयोग नाही.

स्लाइडवाली_ताई:
लॅबमध्ये होते म्हणून सांगते, सगळं सॅम्पलवर असतं. पाण्यात फुगलेला मासा दिलात तर डीएनए तुटलेला असतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तुम्ही खूश. आजारी पण जिवंत मासा सगळ्यात बेस्ट. नाहीतर नुकत्याच मेलेल्याचे कल्ले आणि किडनी 95 टक्के अल्कोहोलमध्ये, तुकडा मटारएवढाच, मोठा असला की अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही. ताजे असतानाच फ्रीझ केले असतील तर पीसीआरला तेही चालतील. फॉर्मालिन फक्त स्लाइड बनवायला, त्यातलं सॅम्पल पीसीआरला नको. सेल कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर, व्हायरस वाढवून बघतात खरं, पण सीईव्ही तिथे वाढवणं जमत नाही त्यामुळे पीसीआरच. वर्सोव्याला सीआयएफई ही माशांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, सॅम्पल घेतात का ते आधी फोन करून विचारा.

गच्चीवरची_टाकी:
धन्यवाद ताई! तोवर मीठ टाकू का?

कल्लेबहाद्दर:
टाका, सीईव्ही असेल तर 0.5 टक्के मिठात कोई बरेच तगतात, म्हणजे 1000 लिटरला 5 किलो, पण एकदम ओतू नका, हळूहळू. व्हायरस त्याने मरत नाही हां. आणि गोल्डफिश कोणाला देऊ नका, हर्पिसवाला असेल तर ते स्वतः आजारी न पडता पसरवू शकतात.

गच्चीवरची_टाकी:
बाजूच्या बिल्डिंगवाल्याने दोन मागितलेत, त्याला थांब म्हणतो. जिवंत मासा वर्सोव्यापर्यंत टिकेल का?

स्लाइडवाली_ताई:
टिकेल, पिशवीत पाणी एक तृतीयांश, वर ऑक्सिजन, मासेवाले भरून देतात. सकाळी लवकर निघा आणि पिशवी उन्हात ठेवू नका.