मदत हवी आहे: ‘क्रोनो ट्रिगर’नंतर कोणता जुना जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) घ्यावा?

सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम कन्सोलवर १९९५ साली आलेला ‘क्रोनो ट्रिगर’ मी नुकताच संगणकावर पूर्ण केला. शत्रू बहुधा आधीच नजरेस पडतात, लढाई त्याच जागी सुरू होते आणि कथेत कालप्रवास असल्याने एका युगात केलेली कृती पुढच्या युगात फळते (रोबो हा यंत्रमानव चारशे वर्षे राबून वाळवंटात जंगल उभे करतो, तो प्रसंग तर विसरता येत नाही). त्यामुळे हा खेळ मला मुळीच शिळा वाटला नाही. त्यानंतर १९८६ चा पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घेतला. परंतु काही पावलांवर अवचित उद्भवणाऱ्या लढाया आणि केवळ पात्राची पातळी (म्हणजे ताकद) वाढवण्यासाठीची भटकंती यांना कंटाळून तो अर्ध्यावर सोडला.

आता ‘फायनल फँटसी ६’ (१९९४) आणि ‘सुइकोडेन २’ (१९९८) यांतील एक निवडायचा आहे. मला जपानी येत नाही, इंग्रजी चालेल. लॅपटॉपला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही आणि रोज जेमतेम तासभर मिळतो. अवचित लढाया दोन्हींत आहेत, हे ठाऊक आहे. ज्यांनी दोन्ही पूर्ण केले आहेत त्यांनी कृपया सांगावे: मुद्दाम पातळी न वाढवता, केवळ कथेच्या ओघात शेवटपर्यंत कोणता खेळ पार करता येतो?