‘केमोने स्टेम सेल जाग्या होतात, म्हणून केमो नको’? याला उत्तर द्यायलाच हवं

ठोकळा_काचपट्टी
कालच्या धाग्यावर एकाने बेधडक सल्ला दिलाय: ‘ब्लॅडर कॅन्सरमध्ये केमो मूळपेशींना जागं करते. केमो टाळा, सेलेकॉक्सिब घ्या.’ मूळपेशी म्हणजे स्टेम सेल, गाठ पुन्हा उभी करू शकणाऱ्या पेशी; सेलेकॉक्सिब ही सूज-वेदनेवरची गोळी. हा सल्ला जिवावर बेतेल.

मूळ शोध २०१५चा, ‘नेचर’मधला. केमोने मरणाऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ हा संदेश देणारा रेणू सोडतात. त्यामुळे दोन सायकलींमधल्या मोकळ्या दिवसांत केराटिन १४ हे प्रथिन असलेल्या मूळपेशी विभागू लागतात आणि जखम भरावी तशी गाठ पुन्हा भरते. सेलेकॉक्सिब प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, त्याने हे रोखलं गेलं, पण उंदरांत आणि केमोच्या जोडीने. केमोऐवजी नव्हे!

माणसांत काय दिसलं? स्नायूत शिरलेल्या कॅन्सरला मूत्राशय काढण्याआधी एमव्हॅक (सिस्प्लाटिनसह चार औषधांची केमो) देणारी अमेरिकन चाचणी २००३ साली आली. रुग्ण ३१७. केमो घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य ७७ महिने, नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात ४६. काढलेल्या मूत्राशयात कॅन्सर उरलाच नाही असे रुग्ण ३८ टक्के, दुसऱ्या गटात १५. आणि सेलेकॉक्सिब? ब्रिटनच्या बॉक्सिट चाचणीत ४७२ जणांना २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा नुसती प्लासिबो, दोन वर्षं. गाठ परत येण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही.

पेशीजाल
सल्ला चुकीचा, हे कबूल. पण बॉक्सिट इथे आणणं तितकंच चूक. ते रुग्ण स्नायूत न शिरलेल्या कॅन्सरचे. त्यांना सिस्प्लाटिनच्या सायकली नव्हत्याच. ज्या मोकळ्या दिवसांबद्दल दावा आहे, ते दिवसच त्या चाचणीत नाहीत, मग दावा खोटा ठरला कसा? आणि ७७ विरुद्ध ४६ सांगताना पी ०.०६ होता, म्हणजे फरक निव्वळ योगायोग नाही असं मानायच्या ०.०५ या रूढ मर्यादेच्या जरा बाहेर, हेही सांगा.

ठोकळा_काचपट्टी
पी ०.०६, बरोबर. बॉक्सिटने तो दावा तपासला नाही, हेही मान्य करतो. पण सिस्प्लाटिन मूत्रपिंडाच्या नलिकांना आधीच इजा करतं. त्यात प्रोस्टाग्लँडिन अडवलं की मूत्रपिंडाकडे येणारं रक्तही घटतं. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची खूण) चढलं तर पुढची सायकलच हुकते. म्हणून ही गोळी कुणी मनाने सुरू करू नये.

लूप_२६
गाठ परत आली की लगेच स्टेम सेल! तीन महिन्यांत ‘परत आलेली’ गाठ बऱ्याचदा मुळात गेलेलीच नसते. टी१ (अस्तराखाली पोचलेली, पण स्नायूत न शिरलेली गाठ) असेल तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीने खरवडायचं असतं, आणि त्यात निम्म्यापर्यंत रुग्णांत उरलेली गाठ सापडते. तळाचा तुकडा वेगळ्या बाटलीत दिला का? त्यात डिट्रूसर (मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू) आहे का? मूत्राशय गच्च भरून काम केलं तर भिंत पातळ होते आणि आरपार जाण्याच्या भीतीने लूप (खरवडायची करंटची तार) वरवर फिरतो. बाजूच्या भिंतीवर ऑब्च्युरेटर नर्व्ह ब्लॉक (मांडीकडे जाणारी नस बधिर करणं) दिला नाही तर करंट लागताच पाय झटकतो आणि भोक पडतं. मग खरवडल्यावर लगेच मूत्राशयात द्यायचा केमोचा डोसही रद्द.

ठोकळा_काचपट्टी
आता इथे बोललंच पाहिजे! सगळे तुकडे एकाच बाटलीत, चिठ्ठीवर ‘ब्लॅडर ट्यूमर’ एवढंच, तळ कुठला ते लिहिलेलं नाही. वर कडा करंटने इतक्या भाजलेल्या की काचपट्टीवर पेशी ओढलेल्या, काळपट दोऱ्यांसारख्या दिसतात. त्यात लॅमिना प्रोप्रियामधल्या (अस्तराखालच्या थरातल्या) मस्क्युलॅरिस म्युकोसीचे, म्हणजे तिथल्या किरकोळ स्नायूचे, बारीक तंतू डिट्रूसर समजले गेले, तर टी१चा टी२ (स्नायूत शिरलेला) होतो आणि रुग्णाचं मूत्राशय जातं. तळाला कोल्ड कप बायोप्सी (करंटशिवाय चिमट्याने तुकडा) घ्या, हे किती वेळा सांगायचं?

लूप_२६
भाजलेल्या कडांचा दोष आमचा, मान्य. पण रिपोर्टमध्ये ‘स्नायू आहे / नाही’ ही ओळच नसते, तो दोष कुणाचा?

पेशीजाल
तुम्ही दोघं बाटलीवरून भांडा, पण तुमच्याच मुद्द्यातून माझा, म्हणजे गाठ मूळपेशीच पुन्हा उभी करतात हा, सिद्ध होतो. खरवडल्यावर लगेच जेमसायटाबिन हे केमोचं औषध २ ग्रॅम १०० मिलि सलाइनमध्ये मूत्राशयात एकदा दिलं, तर चार वर्षांत गाठ परत येण्याचं प्रमाण ४७वरून ३५ टक्क्यांवर येतं, २०१८ची चाचणी. पाण्यात तरंगणाऱ्या पेशींपैकी काही पुन्हा रुजतात, म्हणूनच ना? ज्या रुजतात त्यांनाच आम्ही मूळपेशी म्हणतो.

गेट_आधी_कंट्रोल
रुजली म्हणून ती मूळपेशी, हे म्हणणं घाईचं. मेलॅनोमात (त्वचेच्या एका कॅन्सरात) २००८ साली दिसलं की जास्त प्रतिकारशून्य उंदीर आणि मॅट्रिजेल (टोचलेल्या पेशींना आधार देणारी जेल) वापरलं, तर साधारण चारातली एक पेशी गाठ करते. मोजलं काय, पेशीचा गुण की उंदराची सहनशीलता?

आणि मूळपेशींची खूण मानलेल्या सीडी४४ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचे आलेख बघा. लिम्फोसाइटवर सीडी४४ भरपूर असतं. आधी सीडी४५ (पांढऱ्या रक्तपेशींची खूण) असलेल्या पेशी वगळल्या नाहीत, तर ‘मूळपेशी’ म्हणून गाठीतल्या प्रतिकारपेशीच वेचल्या जातात. तुकडा ट्रिप्सिनमध्ये जास्त वेळ ठेवला तर पृष्ठभागावरची प्रथिनंच कापली जातात. कोलॅजिनेज वापरा, चिकटा टाळायला डीएनेज टाका, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, मेलेल्या आणि जोडपेशी वगळा, मगच गेट (आलेखावर हव्या त्या पेशी निवडायची चौकट) लावा. अ‍ॅल्डेफ्लूअर (मूळपेशी ओळखायची आणखी एक चाचणी) असेल तर प्रत्येक नमुन्याला डीईएबीची (त्या चाचणीतली चमक अडवणाऱ्या रसायनाची) स्वतंत्र नळी, तुलनेसाठी. ती नसेल तर तो आलेख मी वाचतच नाही.

पेशीजाल
सीडी४५चा मुद्दा घेतला. पण २००९च्या स्टॅनफर्डच्या कामात सीडी४४ एकटं नव्हतं. त्या पेशींत केराटिन ५ होतं, केराटिन २० नव्हतं, म्हणजे त्या बेसल (अस्तराच्या सर्वांत तळच्या) थराच्या. २०१४मध्ये उंदरांना बीबीएन हे कॅन्सर करणारं रसायन देऊन पेशींची वंशावळ शोधली, तेव्हाही स्नायूत शिरणाऱ्या गाठी बेसल पेशींतूनच निघाल्या. तिथे उंदराची स्वतःचीच पेशी होती, टोचलेली नव्हती. तुमचा मॅट्रिजेलचा आक्षेप तिथे लागू होत नाही.

गेट_आधी_कंट्रोल
तिथे नाही लागू होत, खरं आहे. पण गाठ कुठून सुरू झाली आणि केमोनंतर ती कोण पुन्हा भरतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी एकाच रुग्णाचा केमोआधीचा आणि नंतरचा तुकडा हवा. नंतरचा तुकडा डिट्रूसरसकट, न भाजलेला, वेगळ्या बाटलीत आला तरच उत्तर मिळेल.