द्विशिक्षकी शाळेतलं विशेष गरजा असलेलं मूल: गावातच शिकवायचं की निवासी शाळेत?

शिक्षिका, केळापूर तालुका (यवतमाळ)
आमची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. तिसरीत एक मुलगी आहे, बौद्धिक अक्षमता असलेली. मी एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळते, वरून पोषण आहाराच्या नोंदी अन् ऑनलाइन माहिती. गट साधन केंद्राचे, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या केंद्राचे, विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्यामागे बऱ्याच शाळा. मी फळ्यावर भागाकार शिकवते तेव्हा ती पाटीवर एकच रेघ गिरवत बसते. याला समावेशित शिक्षण, म्हणजे सगळ्या मुलांनी एकाच वर्गात शिकणं, म्हणायचं? तिला जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी विशेष शाळेत घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालक, झरी जामणी
म्याडम, तुमची तळमळ समजते. पन जिले भूक लागली हे धड सांगता येत नाही, तिले तिथं कोन समजून घेईन? माह्या पोरासाठीही असंच सांगितलं होतं. नाही पाठवलं. गुरुजीनं त्याले चिंचोके देल्ले, दहा-दहाचे ढीग कराले लावले. आता तो दुकानातून मीठ आनते अन् उरलेले पैसे मोजून घेते. गावचे पोरं त्याले खेळाले बोलावतात.

शिक्षिका
दादा, चिंचोके मीही देते. पण शेजारी बसायला माणूस लागतो, तोच नाही.

विशेष शिक्षक, वाशीम
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ बघा. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनं. त्यामुळं शाळेनं परस्पर ठरवू नये. मॅडमची अडचण मात्र शंभर टक्के खरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक ठरवला. आमच्याकडे एकेकाला कितीतरी गावं. भांडण या पदांसाठी हवं, मुलीला गावाबाहेर काढण्यासाठी नाही.

शिक्षिका
पदं भरेपर्यंत तिची चौथी संपेल, सर. तिची आजची वर्षं कोण परत देणार?

पालक, झरी जामणी
शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. आमी घेतला, गटशिक्षणाधिकाऱ्याले देल्ला अन् पोचपावती घेतली. तवापासून विशेष शिक्षक ठरल्या वारी येते.

शिक्षिका
ठराव येत्या सभेत मांडते. पण तिच्या आईला विशेष शाळाही दाखवून आणणार. माझं मत अजून तेच आहे. ठरवायचं मात्र तिच्या आईनं.