ट्रम्प निवडून आले, बुधवारी ऑफिसात लोक रडत होते. तुमच्याकडे काय परिस्थिती?

मृदुला_जर्सी
१० नोव्हेंबर २०१६

नमस्कार मंडळी, परवा रात्रीपासून धड झोप नाहीये म्हणून हा धागा काढतेय. आम्ही न्यू जर्सीत, मी आणि नवरा दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे टॅक्स भरतो पण मत नाही, लेक इथल्याच पब्लिक स्कूलला दुसरीत आहे. मंगळवारी रात्री जेवणं आटपून टीव्हीसमोर बसलो तेव्हा हिलरी येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. न्यूयॉर्क टाइम्सवाले ८५ टक्के चान्स देत होते, हफिंग्टन पोस्ट तर ९८. टाइम्सच्या साइटवर कोण जिंकणार ते दाखवणारा काटा होता बघा, लाइव्ह हलणारा, तो रात्री नऊ-दहाच्या दरम्यान जो सरकायला लागला तो थांबेचना. मग ओहायो गेलं, फ्लोरिडा गेलं, नॉर्थ कॅरोलायना गेलं, नवरा म्हणाला झोप आता, पण मी बसून राहिले. दोन वाजता जाविट्स सेंटरमधे जमलेल्या हिलरीच्या लोकांना तिच्या प्रचाराचे प्रमुख पोडेस्टा येऊन सांगतायत घरी जा आणि थोड्याच वेळात विस्कॉन्सिनचा निकाल लागून सगळं संपलेलं.

बुधवारी ऑफिसला गेले तर फ्लोअरवर कोणी बोलतच नव्हतं. माझ्या टीममधे एक पन्नाशीची बाई आहे, अतिशय शांत, कधी आवाज चढवत नाही. मंगळवारी ती मुद्दाम पांढरे कपडे घालून, पूर्वी बायकांनी मताच्या हक्कासाठी लढताना घालायचे तसे, म्हाताऱ्या आईला घेऊन मत द्यायला गेली होती. ती पॅन्ट्रीत कॉफी मशीनपाशी उभी राहून हुंदके देत होती, मला काय करावं सुचेना, मी नुसती तिच्याजवळ उभी राहिले. आणि तिच्यापासून दोन क्युबिकल सोडून बसणारा एकजण, त्याने कोणाला मत दिलं ते सगळ्यांना माहितीये, तो दिवसभर मान खाली घालून काम करत होता, जेवायला पण एकटाच गेला.

मला खरंच समजून घ्यायचंय. आपल्याकडे पण आवडता पक्ष हरतो, चार दिवस चरफडतो आणि कामाला लागतो. इथे घरातलं माणूस गेल्यासारखं का झालंय? आणि दुसरं, काल वर्गातल्या एका मुलाने लेकीला विचारलं की तुम्ही आता परत जाणार का. तिने घरी येऊन मला तेच विचारलं. काय सांगू तिला?


विल्क्सबारीकर
१० नोव्हेंबर २०१६

मृदुलाताई, मी पेनसिल्व्हेनियात विल्क्स-बारीला राहतो, तुमच्यापासून गाडीने दोन-अडीच तास, पण इथलं वातावरण बघाल तर वेगळाच देश वाटेल. आमची लुझर्न काउंटी, म्हणजे जिल्हाच, २००८ ला ओबामाकडे होती, २०१२ ला पण ओबामाकडेच. यावेळी ट्रम्पला इथे जवळपास २६ हजारांची आघाडी आहे. म्हणजे राज्यात जेवढ्याने जिंकलेत त्यातला मोठा वाटा एकट्या आमच्या काउंटीचा. हे आभाळातून पडलं नाही हो, आम्हाला उन्हाळ्यापासून दिसत होतं. माझ्या समोरच्या घरातल्या आजोबांच्या गाडीवर २००८ चं ओबामाचं स्टिकर अजून आहे, आणि अंगणात ट्रम्पचा बोर्ड. दोन्ही एकाच माणसाचं.

इथे पूर्वी सगळा कोळसा होता. १९५९ साली नॉक्स खाणीत सस्क्वेहाना नदीचं पाणी घुसलं, १२ माणसं गेली आणि त्यानंतर खाणी जवळपास संपल्याच. मग कपड्यांचे कारखाने होते, बायका शिवणकाम करायच्या, युनियन होती, ते पण बंद पडले. आता हायवे ८१ च्या कडेला नुसती वेअरहाउसं, तिथे पोरं रात्रपाळीत खोकी उचलतात. आजोबा मला म्हणाले ओबामाने बदल सांगितला म्हणून दिलं, झाला नाही, आता हा सांगतोय तर याला देऊन बघतो. ट्रम्प आमच्याकडे एप्रिलमधे येऊन गेला, ऑक्टोबरमधे परत आला, इथल्या मोहीगन सन अरेनात सभा घेतली. हिलरीचे तर वडील शेजारच्या स्क्रँटनचे, आजोबा तिथल्या लेसच्या गिरणीत कामाला होते, पण ते नातं इकडे कोणाला जाणवलंच नाही.

अर्थात नुसती रोजीरोटी एवढंच नाहीये, ते पण सांगतो कारण लपवण्यात अर्थ नाही. खालच्या हेझलटनमधे गेल्या पंधरा-वीस वर्षांत डोमिनिकन लोक भरपूर आले, २००६ ला तिथल्या नगरपालिकेने कागदपत्रं नसलेल्यांना घर भाड्याने देऊ नये असा नियमच केला, पुढे कोर्टाने तो उडवला. तो राग आहेच. दुकानात रांगेत उभं राहिलं की ऐकू येतो. माझ्याशी मात्र हे लोक चांगले वागतात, बर्फ पडला की आजोबांचा नातू माझा पण ड्राइव्हवे साफ करून जातो. मला या दोन्ही गोष्टी एकत्र डोक्यात ठेवायला फार जड जातं.


अनघा_बे_एरिया
११ नोव्हेंबर २०१६

वरचा प्रतिसाद मनापासून लिहिलाय, आवडला, पण मृदुलाने विचारलंय की लोक का रडतायत आणि त्याचं उत्तर खाणीत नाहीये. आवडता पक्ष हरला म्हणून कोणी रडत नाहीये गं. ज्या माणसाने गेल्या डिसेंबरात मुसलमानांना देशात येऊच देऊ नका असं जाहीर सांगितलं, मेक्सिकन लोकांना बलात्कारी म्हणाला, आणि महिन्याभरापूर्वीच्या त्या टेपमधे बायकांबद्दल जे बोलला ते मी इथे लिहिणार पण नाही, त्याला सहा कोटी लोकांनी पसंत केलं याचं ते रडू आहे. माझ्या मैत्रिणीला कॉलेजात असताना जे भोगावं लागलं ते मला माहिती आहे, ती बुधवारी अंथरुणातून उठली नाही.

इथे बुधवारी सकाळी बर्कले हायस्कूलची पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली, पंधरा-सोळा वर्षांची, ज्यांना मतच नाही. रात्री ओकलंडमधे मोर्चा निघाला, त्यात काहींनी आगी लावल्या, काचा फोडल्या, ते मला अजिबात पटलेलं नाही आणि त्याने ज्यांचं भलं व्हायचं त्यांचंच नुकसान झालं, ती दुकानं पण आपल्यासारख्याच लोकांची आहेत. पण भीती खोटी नाहीये. डाका माहितीये ना, लहानपणी आईवडिलांबरोबर कागदांशिवाय आलेल्या मुलांना २०१२ ला ओबामाने कामाचं परमिट दिलं ते. सात लाखांवर मुलं आहेत. तो कायदा नाहीये, नुसता सरकारी आदेश आहे, नवीन राष्ट्राध्यक्ष एका सहीत रद्द करू शकतो, आणि ते परमिट मिळवायला या मुलांनी आपलं नाव, पत्ता, बोटांचे ठसे सगळं स्वतःहून सरकारला दिलंय. आमच्या ऑफिसात तसा एक मुलगा आहे, आता त्याला एकच काळजी की माझ्यामुळे आईबाबांचा पत्ता त्यांच्याकडे गेला. त्याला मी काय सांगू की स्क्रँटनच्या गिरण्या बंद पडल्यात म्हणून?


शिरीष_एडिसन
११ नोव्हेंबर २०१६

मी ट्रम्पला मत दिलंय आणि इथे नाव लावून सांगतोय. सोळा वर्षं या देशात आहे, चार वर्षांपूर्वी सिटिझन झालो. १५ ऑक्टोबरला एडिसनला हिंदू कोअ‍ॅलिशनचा कार्यक्रम झाला तिथे मी होतो, पण तिथल्या ट्रम्पच्या भाषणामुळे मत दिलं नाही, 'अबकी बार ट्रम्प सरकार' वाल्या जाहिरातीमुळे पण नाही. माझा छोटा धंदा आहे, हेल्थ इन्शुरन्स मी स्वतः विकत घेतो. ओबामाच्या विमा योजनेचे पुढच्या वर्षीचे प्रीमियम सरासरी वीस-पंचवीस टक्के वाढतायत हे सरकारनेच ऑक्टोबरात सांगितलंय. माझ्या घरात ही रक्कम मुलाच्या कॉलेजच्या पैशातून जाते. शिवाय मी ग्रीनकार्डसाठी रांगेत कित्येक वर्षं काढली, प्रत्येक कागद वेळेवर दिला. रांग मोडून आलेल्यांचा पुळका आणि रांगेतल्याचं नाव पण नाही, हे मला सहन होत नाही.

टेपमधलं बोलणं घाणेरडं आहे, माझ्या बायकोने त्यावरून मला मत दिलं नाही, सॉरी ट्रम्पला दिलं नाही, आमच्या घरात दोन मतं दोन बाजूंना गेलीत आणि आम्ही एका टेबलावर जेवतोय. पण बुधवारपासून मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मला रेसिस्ट म्हणतायत, ज्यांच्या मुलांना मी गणपतीत नाटक शिकवलं त्यांनी. ताई, तुमच्या ऑफिसातला तो एकटा जेवायला गेलेला माणूस, त्याच्याशी एकदा बोला. एवढीच विनंती.


कोथरूडकर_अजय
१२ नोव्हेंबर २०१६

आमच्याकडे बुधवारी काय झालं ते लिहितो. आदल्या रात्री आठ वाजता मोदींनी पाचशे-हजारच्या नोटा बंद केल्या, सकाळी बँका बंद, एटीएम बंद, दूधवाल्याला द्यायला शंभराची नोट शोधत बसलेलो आणि टीव्हीवर अर्ध्या पडद्यात नोटा आणि अर्ध्या पडद्यात अमेरिकेचा नकाशा. सेन्सेक्स उघडल्या उघडल्या सोळाशेच्या वर पडला, संध्याकाळपर्यंत बराचसा सावरला. मुलगा टेक्ससमधे एमएस करतोय, मे मधे संपेल, त्यानंतर नोकरी आणि व्हिसा. कर्ज काढून पाठवलंय. त्याची आई त्याला रोज दोनदा फोन करते की बाहेर फिरू नकोस.

एक विचारायचंय, हिलरीला मतं जास्त मिळाली असं वाचलं, मग हरली कशी? आमच्या कट्ट्यावर यावरून खूप वाद झाला.


डेट्रॉइट_समीर
१२ नोव्हेंबर २०१६

अजयकाका, आपल्याकडे २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतं आणि २८२ जागा मिळाल्या, म्हणजे एकूण मतं आणि जागा यांचा मेळ लागेलच असं नाही हे आपण बघितलंय. इथे प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, असतात, एकूण ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात एका मताने जरी पुढे असलात तरी तिथले सगळे इलेक्टर तुमचे. कॅलिफोर्नियात लाखांनी जास्त मतं मिळाली तर त्याचा वेगळा फायदा नाही. २००० साली अल गोर पण असेच हरले होते.

पण मला याहून जास्त लागलेलं काहीतरी आहे, मोजणी पूर्ण झाली की सविस्तर लिहितो.


मृदुला_जर्सी
१३ नोव्हेंबर २०१६

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल आम्ही सिटीत गेलो होतो, युनियन स्क्वेअरच्या सबवेत भिंतभर रंगीत स्टिकी नोट्स चिकटवल्यात लोकांनी, येणाऱ्याजाणाऱ्याला एकजण कागद आणि पेन देतो आणि मनात असेल ते लिहायचं. लेकीने पण लिहिलं, मी राहणार आहे, आणि खाली मांजर काढलं. तिला मी सांगितलं की आपल्याकडे कागद आहेत, आपल्याला कोणी काढत नाही, आणि हे सांगताना मला अनघाच्या ऑफिसातला मुलगा आठवत होता, त्याच्या आईला असं सांगता येणार नाही ना.

शिरीषजी, त्या सहकाऱ्याशी शुक्रवारी बोलले. त्याचा भाऊ हेरॉइनने गेलाय, ओहायोत, त्यांच्या गावात हे घराघरात आहे म्हणे. ट्रम्प निदान त्याबद्दल बोलला असं त्याचं म्हणणं. ट्रम्प म्हणतो तशी मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधली की ड्रग्ज थांबतील हे मला पटत नाही, तसं मी त्याला म्हटलं, त्याला राग नाही आला. पण पॅन्ट्रीत रडणारी ती अजून त्याच्याशी बोलत नाही आणि तिने बोलावं असं मी तिला सांगणार पण नाही. तो तिचा प्रश्न आहे.


अनघा_बे_एरिया
१३ नोव्हेंबर २०१६

शिरीष, तुम्हाला ग्रुपवर तसं म्हणणं चूक आहे, तुमच्या प्रीमियमचा मुद्दा पण खरा आहे. पण रांगेचं म्हणाल तर डाकाची मुलं तीन-चार वर्षांची असताना आली, त्यांनी कुठली रांग मोडली? तुम्ही मत दिलंय त्या सरकारने त्यांना त्रास दिला तर तुम्ही त्याविरुद्ध बोलाल का, एवढं सांगा.


शिरीष_एडिसन
१४ नोव्हेंबर २०१६

मुलांच्या बाबतीत बोलेन. लिहून ठेवा.


डेट्रॉइट_समीर
२२ जानेवारी २०१७

उशीर झाला, पण आकडे आता पक्के आहेत. हिलरीला देशभरात २८ लाखांहून जास्त मतं जादा. आणि आमचं मिशिगन गेलं १०,७०४ मतांनी, विस्कॉन्सिन साधारण २३ हजारांनी, पेनसिल्व्हेनिया ४४ हजारांनी. तिन्ही मिळून ऐंशी हजार सुद्धा नाहीत.

मला लागलेलं ते हे. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत येतं तिथे २०१२ ला ओबामाला जेवढी मतं होती त्यापेक्षा हिलरीला जवळपास ७६ हजार कमी पडली. ती सगळी ट्रम्पकडे गेली नाहीत, त्यातले खूपजण घरातून निघालेच नाहीत. मी ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या पश्चिम भागात दारोदार फिरलो होतो, एक ड्रायव्हर दारात उभा राहून म्हणाला की आमचं पाणी कापतात, शाळा बंद करतात आणि चार वर्षांनी तुम्ही येता. फ्लिंट शहर आमच्यापासून तासाभरावर, तिथे नळाला शिशाचं पाणी येत होतं आणि सरकार म्हणत होतं प्या. रडणाऱ्यांबद्दल लिहिलं गेलं, आनंदात असणाऱ्यांबद्दल लिहिलं गेलं, घरी बसलेल्या अशा लोकांबद्दल कोणीच लिहीत नाही, आणि माझ्या मते निकाल त्यांनीच लावला. विल्क्सबारीकरांच्या समोरच्या आजोबांइतकाच.

काल लॅन्सिंगला, आमच्या राज्याच्या राजधानीत, ट्रम्पविरोधी बायकांच्या मोर्चाला बायको आणि मी गेलो होतो, कॅपिटॉलसमोर हजारो लोक. वॉशिंग्टनचे फोटो तर सगळ्यांनी पाहिलेच असतील. चांगलं वाटलं. पण तिथे डेट्रॉइटच्या त्या गल्लीतलं मला कोणी दिसलं नाही, म्हणून शेजारच्या बायकांना तेच सांगत होतो की पुढच्या वेळी मोर्चाआधी तिकडे जाऊ.

मृदुला, तुमच्या राज्यात याच नोव्हेंबरात गव्हर्नरची निवडणूक आहे. तुम्हाला मत नाही, पण फोन करता येतात, लोकांना गाडीतून केंद्रावर नेता येतं, त्याला व्हिसा आड येत नाही, फक्त प्रचाराला देणगी देऊ नका, ते चालत नाही. आणि ग्रीनकार्डला पाच वर्षं झालेली जी मंडळी सिटिझनशिपचा अर्ज पुढे ढकलतायत त्यांनी या महिन्यात भरा. त्या अर्जात, एन-४०० मधे, प्रवासाच्या तारखांचा रकाना सगळ्यांना छळतो, कोणाचं अडलं तर मला मेसेज करा, मी तीन-चार जणांचे भरून दिलेत.